दवाखान्याच्या कागदावरची अक्षरे: ओडी, बीडी, एसओएस आणि घरी शुश्रूषा करणारे आपण

डिचोलीची_पणती

नमस्कार मंडळी. हा धागा मी गरज म्हणून काढते आहे.

माझ्या सासऱ्यांना (घरात आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणतो) अडीच महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. बारा दिवस इस्पितळात काढले आणि मग नाकातली नळी, लघवीची पिशवी अशा सगळ्या सरंजामासकट घरी आणले. निघताना हातात डिस्चार्ज कार्ड ठेवले. त्यातल्या काही ओळी इथे जशाच्या तशा देते: "के/सी/ओ एचटीएन, डीएम. सीव्हीए विथ लेफ्ट हेमिपॅरेसिस. आरटी फीड टू अवरली. पोझिशन चेंज टू अवरली." खाली गोळ्यांची नावे, प्रत्येकीपुढे ओडी, बीडी, टीडीएस, एचएस. शेवटी पॅरासिटामॉल, त्याच्यापुढे एसओएस.

मी बारावीपर्यंत शिकले, दहा वर्षे पतसंस्थेत काम केले. इंग्रजी मला वाचता येते. पण हे इंग्रजी नव्हतेच.

घरी आल्यावर तिसऱ्या रात्री बाबांना ताप चढला. १०१. कार्डावर पॅरासिटामॉल होते, पण पुढे एसओएस लिहिलेले. एसओएस म्हणजे जहाज बुडताना पाठवतात तो संदेश, एवढेच मला ठाऊक. म्हणजे अगदी जिवावर बेतले तरच ही गोळी द्यायची असणार, असे मी धरून चालले. रात्रभर कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसले. बाबांना बोलता येत नव्हते, नुसते कण्हत होते. सकाळी शेजारची नर्सिंग शिकणारी मुलगी आली. म्हणाली, "काकी, एसओएस म्हणजे गरज लागली तर द्या. ताप आला म्हणजे गरज लागलीच की." गोळी उशाशीच होती. तिथेच होती रात्रभर.

त्या दिवशी मी एक दोनशे पानी वही आणली. त्यात आज साठेक शब्द झाले आहेत. के/सी/ओ म्हणजे हा आजार आधीपासून माहीत असलेला रुग्ण. सी/ओ म्हणजे रुग्णाची तक्रार. एचटीएन म्हणजे वाढलेला रक्तदाब, डीएम म्हणजे मधुमेह, सीव्हीए म्हणजे मेंदूचा झटका. आरटी म्हणजे रायल्स ट्यूब, नाकातून पोटात जाते ती. टू अवरली म्हणजे दर दोन तासांनी. आय/ओ म्हणजे पोटात किती गेले आणि लघवीवाटे किती बाहेर पडले याचा हिशेब. पतसंस्थेतल्या जमा-खर्चासारखाच तो मांडायचा असतो, म्हणून तो मला पटकन जमला.

इथे कोणी सिस्टर, फार्मासिस्ट, डॉक्टर असतील तर कृपा करून भर घाला आणि माझे चुकले असेल तिथे स्पष्ट सांगा. माझ्यासारख्या घरात बसून शुश्रूषा करणाऱ्या बायका गावोगाव आहेत.

जुनी_सिस्टर

पणतीताई, वही आणलीत हे फार चांगले केलेत. माझी चौतीस वर्षे वॉर्डात गेली, आता निवृत्त आहे. तुम्ही लिहिलेले सगळे बरोबर आहे. त्या रात्रीचे मनाला लावून घेऊ नका. कार्ड देताना कोणीतरी पाच मिनिटे बसून ते तुम्हाला वाचून दाखवायला हवे होते. ते काम आमच्या लोकांचे, तुमचे नव्हे.

गोळ्यांपुढची अक्षरे लॅटिनमधून आली आहेत. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा. ओडी म्हणजे एकदाच. एचएस झोपताना. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता. एसओएस आणि पीआरएन या दोन्हींचा अर्थ "लागल्यास". पण "लागल्यास" म्हणजे हवे तेव्हा, हव्या तितक्या वेळा असे नाही. म्हणून एसओएस दिसले की डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून घ्यायच्या: कशासाठी द्यायची, दोन गोळ्यांत किती तासांचे अंतर ठेवायचे, आणि दिवसात जास्तीत जास्त किती. ही उत्तरे त्या तीन अक्षरांत नसतात.

टीडीएसबद्दल एक सांगते. घरचे लोक तीन गोळ्या सकाळी आठ, दुपारी एक आणि रात्री आठ अशा जेवणाच्या वेळांवर टाकतात. बऱ्याच औषधांना ते चालते. काही अँटिबायोटिक मात्र दर आठ तासांनीच द्यावे लागते, आणि तेव्हा डॉक्टर "क्यू८एच" असे लिहितात. क्यू म्हणजे "दर". शंका आली तर विचारा.

आता एनबीएम. काही ठिकाणी त्यालाच एनपीओ म्हणतात. तोंडावाटे काहीही नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे यावरून फार घोळ होतो, कारण आपल्या मनात पेज म्हणजे जेवण नव्हेच. ऑपरेशनच्या दिवशी पहाटे आई लेकराला पेजेचे चार घोट पाजते. आम्ही विचारले तर म्हणते, "काही खाल्ले नाही हो सिस्टर, नुसती पेज." पेजेत भात असतो. साधारणपणे ऑपरेशनआधी सहा तास पेज, दूध, बिस्कीट काहीच पोटात गेलेले नको. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालू शकते, पण तेही भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले तरच. भुलीत पोटातले वर येऊन फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते, म्हणून ही सक्ती. माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी ऑपरेशने पेजेपायी पुढे ढकलली गेली आहेत.

तुमच्या बाबांच्या नळीबद्दल: आरटी फीड देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी आणि दिल्यानंतर निदान अर्धा तास तशीच ठेवायची. कार्डावर याला एचओबी ३० असे काहीतरी लिहिलेले असेल. एचओबी म्हणजे खाटेची डोक्याकडची बाजू.

कुळागर

माझे थोडे वेगळे मत आहे, राग मानू नका.

रुग्णाच्या सुनेने लॅटिन का शिकायचे? ज्या कार्डावर घरी काय करायचे ते लिहिलेले असते, ते घरच्यांना वाचता येईल अशा भाषेत का नसावे? गोव्यात मराठी वाचणारे आहेत, कोंकणी वाचणारे आहेत. "झोपताना एक गोळी" लिहायला एचएसपेक्षा किती जास्त वेळ लागतो? आमच्या आईला साखर कमी झाल्यावर काय करायचे ते इंग्रजीतून छापलेले पान दिले होते. आईचे शिक्षण मराठी चौथी. वही करून आपण त्यांची चूक आपल्या डोक्यावर घेतो आहोत असे मला वाटते.

फोंड्याचा_औषधवाला

कुळागरदादा, तुमच्याशी मी सहमत आहे आणि नाहीही. कार्ड रुग्णाच्या भाषेत हवे यात वादच नाही. पण ते होईपर्यंत आज रात्रीची गोळी आज रात्रीच द्यायची असते.

माझे दुकान आहे, रोज शंभरेक चिठ्ठ्या नजरेखालून जातात. आपल्याकडच्या बऱ्याच डॉक्टरांनी लॅटिन सोडून १-०-१ धरले आहे. सकाळ, दुपार, रात्र. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ०-०-१ म्हणजे फक्त रात्री. याच्यात फारसा घोळ होत नाही, आणि अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ते समजते. आम्ही पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देतो.

घोळ होतो तो दिवसांच्या खुणेत. डॉक्टर "५/७" लिहितात. आठवड्याच्या सातपैकी पाच, म्हणजे पाच दिवस. "२/५२" म्हणजे वर्षाच्या बावन्नपैकी दोन, म्हणजे दोन आठवडे. "३/१२" म्हणजे तीन महिने. एका गिऱ्हाइकाने ५/७ ही तारीख समजून ५ जुलैपर्यंत औषध घ्यायचे ठरवले होते. तेव्हा मे महिना चालू होता. मी जास्त पट्ट्या द्यायला नकार दिला तेव्हा कुठे उलगडा झाला.

आता जी गोष्ट खरोखर जिवाशी येते ती सांगतो. संधिवाताला मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ओडी डोक्यात पक्के बसलेला माणूस ती रोज घेऊ लागतो, आणि मग तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, माणूस दगावूसुद्धा शकतो. ही गोळी मागायला कोणी आले की मी वार विचारतो. "कुठल्या वारी घेता?" वार सांगता आला नाही तर आधी डॉक्टरांना फोन लावतो, मगच गोळी देतो. तुमच्या घरात कोणी घेत असेल तर कॅलेंडरवर त्या वाराभोवती लाल वर्तुळ काढा.

इन्सुलिनचेही तसेच. आपल्याकडे साध्या कुपीत बहुधा एका मिलीलिटरला ४० युनिट असतात, पेनच्या काडतुसात १००. सिरिंजही वेगळ्या: ४० वालीचे टोपण लाल, १०० वालीचे नारिंगी. १०० चे औषध ४० च्या सिरिंजने ओढले तर दहाच्या खुणेवर प्रत्यक्षात २५ युनिट जातात. म्हणून कुपी आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा जुळवून बघायचा, रोज. आणि चिठ्ठीवर युनिटसाठी नुसता इंग्रजी यू लिहिला तर तो घाईत शून्यासारखा दिसतो, चाराचे चाळीस होतात. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी काढली, त्यात हा यू आहे. आकड्यानंतर दशांशचिन्ह देऊन शून्य लिहिणेही त्यात आहे, कारण टिंब पुसट झाले की ५.० चे ५० होतात.

आपल्याकडेही मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये नियमात दुरुस्ती केली: औषधाचे जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या कॅपिटल अक्षरांत लिहावे. चिठ्ठी वाचता येत नसेल तर परत जाऊन विचारणे हा आगाऊपणा नव्हे. आम्ही दुकानदारही विचारतोच.

नागेशीकाठ

सिस्टरांनी लॅटिन म्हटले म्हणून लिहितो. आमचे आजोबा पोर्तुगीज अमदानीत शाळेत शिकले. डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी चिठ्ठी त्यांनी स्वतःच वाचली होती, कारण लॅटिन "दिए" आणि पोर्तुगीज "दिया" हे जवळजवळ एकच, दिवस. "आंते" म्हणजे आधी, "ओरा" म्हणजे तास, हेही त्यांना पोर्तुगीजमधून ठाऊक.

मला पोर्तुगीज येत नाही, पण थोडे संस्कृत येते. त्यातून हे शब्द माझ्या डोक्यात कायमचे बसले. बीडीतला "बिस" म्हणजे आपला द्विः. टीडीएसमधला "तेर" म्हणजे त्रिः. क्यूआयडीतला "क्वातेर" म्हणजे चतुः. "दिए" हा आपल्या दिवसाचा सख्खा भाऊ. आणि एचएस तर फारच सुंदर आहे. "होरा सोम्नी". होरा हा शब्द ज्योतिषात आपण वापरतोच, तो ग्रीकांकडून इकडेही आला आणि लॅटिनमध्येही गेला. "सोम्नुस" आणि "स्वप्न" एकाच मुळातून आलेले. म्हणजे चिठ्ठीवर एचएस दिसले की स्वप्नाचा होरा. ही गोळी स्वप्नाच्या वेळेची. मी आईला असे सांगितले, आणि त्यानंतर तिने एकदाही विचारले नाही.

एक सावधगिरी आजोबांच्याच चिठ्ठीवरून. डोळ्यांच्या कागदावर ओडी म्हणजे दिवसातून एकदा असेलच असे नाही. तिथे ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस डावा, ओयू दोन्ही.

वॉर्डातली_विद्यार्थिनी

नागेशीकाठ, स्वप्नाचा होरा मी माझ्या बॅचमध्ये सगळ्यांना सांगणार! देव बरें करूं.

मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला मॅडम पहिल्याच आठवड्यात सांगतात: अक्षरे कुठल्या कागदावर, कुठल्या रकान्यात आहेत ते आधी बघा. कारण एकाच संक्षेपाचे दोन अर्थ असतात. डीएनएस सलाईनच्या चार्टवर असेल तर ग्लुकोज घातलेले सलाईन, नाक-कान-घशाच्या कागदावर असेल तर नाकाचा वाकडा पडदा. पीटी म्हणजे फिजिओथेरपी, आणि रक्ततपासणीच्या कागदावर रक्त गोठायला लागणारा वेळ. बीटी म्हणजे रक्त चढवणे, आणि तपासणीत रक्त वाहण्याचा वेळ. आरटी म्हणजे तुमची नाकातली नळी, पण कॅन्सरच्या वॉर्डात रेडिओथेरपी. म्हणून पणतीकाकी, वहीत प्रत्येक शब्दापुढे "कुठे दिसला" असा एक रकाना घाला.

मोठे शब्द तुकडे करून सोपे होतात. शेवटी "आयटिस" आले की सूज किंवा दाह: गॅस्ट्रायटिस जठराचा, आर्थ्रायटिस सांध्यांचा. "एक्टमी" आले की काढून टाकलेले: अपेंडिसेक्टमी. "ऑस्टमी" म्हणजे बाहेर तोंड करून ठेवलेले, जसे कोलोस्टमी. "हेमी" म्हणजे अर्धे. "प्लेजिया" म्हणजे पूर्ण लुळे आणि "पॅरेसिस" म्हणजे शक्ती कमी झालेली, पण थोडी शिल्लक. तुमच्या कार्डावर हेमिपॅरेसिस आहे, हेमिप्लेजिया नाही. हे लक्षात आले होते का?

आणि हायपर-हायपो. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. फोनवर दोन्ही एकसारखे ऐकू येतात. आम्हाला सक्ती आहे की फोनवर शब्द सांगायचा नाही, आकडा सांगायचा. "हायपो झालाय" नाही, "साखर ५८ आहे" असे. ७० च्या खाली म्हणजे कमी. घरी पण असेच करा.

डिचोलीची_पणती

नव्हते गं लक्षात आले. दोन्ही शब्द मी "लकवा" म्हणून एकाच ओळीत लिहिले होते. आता वेगळे केले. थोडी शिल्लक आहे, हे वाचून मला काय वाटले ते इथे लिहिता येणार नाही.

पोरसातला

मी पेडण्याचा. एक अक्षर राहिले, म्हणून लिहितो. के.

आमच्या काकांना किडनीचा त्रास. त्यांच्या डाएट चार्टवर "लो के, लो एनए" होते. एनए म्हणजे सोडियम, मीठ, हे कोणीतरी सांगितले, आणि घरात लोणचे, सुके मासे, खारातले आंबे सगळे बंद केले. के म्हणजे काय ते कोणी विचारले नाही. त्यात आपल्याकडची पद्धत अशी की माणूस आजारी पडला की येणारा-जाणारा शहाळे घेऊन येतो. काका दिवसाला दोन-तीन शहाळी पीत होते. पुढच्या तपासणीत पोटॅशियम इतके वर गेले होते की डॉक्टरांनी तिथेच ईसीजी काढायला लावला आणि ठेवून घेतले. के म्हणजे पोटॅशियम, लॅटिन कॅलियमवरून. शहाळ्यात ते भरपूर असते. निरोगी माणसाला काही होत नाही, पण किडनी ते बाहेर टाकू शकत नसेल तर रक्तात साठते आणि थेट हृदयाची लय बिघडते.

काकी रडत होत्या की मी स्वतःच्या हाताने सोलून दिले. माझी विनंती एवढीच की किडनीच्या रुग्णाला भेटायला जाताना शहाळे नेऊ नका. आणि चार्टवर एकटे अक्षर दिसले तर ते लहान म्हणून सोडू नका.

कुळागर

पोरसातलादादा, वाचून गलबलले. मी माझे म्हणणे सोडत नाही, "शहाळे देऊ नये" असे मराठीत किंवा कोंकणीत लिहिले असते तर हे घडले नसते. पण आईचे सगळे कागद आज काढून बसलो आहे. एक शंका: तपासणीवर "एनएडी" असे लिहिले आहे. काही गंभीर?

जुनी_सिस्टर

नाही हो, ती चांगली बातमी. एनएडी म्हणजे काही दोष आढळला नाही. डब्ल्यूएनएल दिसले तर तेही तसेच, सगळे ठरलेल्या मर्यादेत. आणि "एनकेडीए" असेल तर कुठल्या औषधाची ॲलर्जी असल्याचे माहीत नाही. आईंना एखाद्या औषधाने कधी पुरळ आले असेल आणि कागदावर एनकेडीए असेल, तर पुढच्या वेळी आवर्जून सांगा आणि बदलून घ्या. हे घरच्यांनाच ठाऊक असते, आम्हाला कळायचा दुसरा मार्ग नाही.

कुळागरदादा, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. वॉर्डात असताना मी डिस्चार्जच्या वेळी गोळ्यांच्या पाकिटांवर मराठीतून लिहून द्यायची. आणि घरच्यांकडून परत म्हणवून घ्यायची: "आता तुम्ही मला सांगा, ही कधी द्यायची?" समजले का विचारले तर सगळे हो म्हणतात. परत सांगायला लावले की चूक तिथेच सापडते. तुम्हीही उलटे करा. डॉक्टरांनी सांगून झाले की तुम्ही त्यांना मोठ्याने सांगून दाखवा, ते दुरुस्त करतील.

डिचोलीची_पणती

आज बाबांना तपासणीला बांबोळीला नेले होते. सिस्टरांनी सांगितले तसे केले, प्रत्येक औषध डॉक्टरांना म्हणून दाखवले. एक चूक निघाली. रक्त पातळ करणारी गोळी मी सकाळी देत होते, ती रात्री जेवणानंतर हवी होती. डॉक्टरांनी शांतपणे सगळे ऐकले आणि आमच्या वहीत स्वतःच्या हाताने दोन शब्द लिहिले. नळी गेल्या आठवड्यातच काढली, आता पेज चमच्याने घेतात.

एक विचारायचे राहिले, म्हणून आल्या आल्या लिहिते आहे. आजच्या कागदावर "ओ/ई, लेफ्ट एलएल पॉवर ३/५" असे आहे. हे औषधवाले दादा म्हणाले तसे दिवसांचे नसावे, कारण पाठीमागे औषधाचे नाव नाही. पहिल्या डिस्चार्ज कार्डावर त्याच जागी २/५ होते.

वॉर्डातली_विद्यार्थिनी

काकी, दिवसांचे नाही, बरोबर ओळखलेत! ओ/ई म्हणजे तपासल्यावर काय दिसले, एलएल म्हणजे पाय. स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी मोजतात. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही, पाच म्हणजे पूर्ण ताकद. दोन म्हणजे पाय गादीवर सरकवता येतो पण उचलता येत नाही. तीन म्हणजे उचलता येतो.

डिचोलीची_पणती

उचलता येतो?

थांबा, बाबा जागे आहेत. पाय उचलून दाखवायला सांगते.

डिचोलीची_पणती

उचलला. चार बोटे वर. वहीत तारीख घातली.